हिरवा त्रिकोण म्हणजे बिनधास्त फवारा असं नाही

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पाऊस पडला की आमच्या रावेर-यावलकडच्या नाल्यांत बेडकं ओरडायला लागतात, तिथंच अंडी घालतात, आणि नेमकं त्याच दिवसांत कपाशीत तणनाशक आणि केळीवर करप्याचं, म्हणजे पानांवरच्या बुरशीचं, औषध चालू असतं, आणि पंप धुतात ते पण त्याच नाल्यात. कोणाला टोकलं तर म्हणतात, अहो डब्यावर हिरवा त्रिकोण आहे, म्हणजे सगळ्यात कमी विषारी, काही होत नाही.

पण तो त्रिकोण फक्त एवढंच सांगतो की औषध पोटात गेलं किंवा अंगाला लागलं तर जीव जायला किती डोस लागतो. गर्भाचं काय होतं हे त्यात येतच नाही. करप्यावरचं कार्बेन्डाझिम घ्या, उंदीर मरायला किलो वजनाला ५००० मिलिग्रॅमच्या वर लागतं, पण गाभण उंदरीला रोज १०० च्या आत दिलं तरी पिल्लं व्यंग घेऊन जन्मतात. कारण हे औषध पेशी विभागताना जे धागे लागतात तेच बनू देत नाही, आणि गर्भात तर सगळं कामच पेशी विभागायचं. डोळा, मणका, पाय बनायचे दिवस ठरलेले असतात, तेवढ्यात विष गेलं की ते नंतर दुरुस्त होत नाही, आई मात्र ठणठणीत दिसते.

२०१० मधे अर्जेंटिनात आंद्रेस कारास्को यांच्या टीमने ग्लायफोसेट हे तणनाशक खूप पातळ करून बेडकाच्या आणि कोंबडीच्या गर्भाला दिलं तर डोक्याची वाढ बिघडली. प्रयोगशाळेतलं आहे, त्यावर वादही झाला, पण आपण ते सरळ नाल्यात ओततो ना. आणि कॅलिफोर्नियात केस्टरसन नावाच्या जलाशयात तर शेतातून निचरा झालेल्या पाण्यातल्या सेलेनियम या खनिजद्रव्यामुळे १९८३ मधे पाणपक्ष्यांच्या अंड्यांत बिनडोळ्यांची, वाकड्या चोचीची पिल्लं सापडली. आपल्या हतनूर धरणालाही शिवारातलंच पाणी जातं आणि तिथंही पक्षी अंडी घालतात, म्हणून जास्त काळजी वाटते.

कृषी खात्याला कळकळीची विनंती, पंप धुवायला नाल्यापासून लांब जागा गावोगावी ठरवून द्या. आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात व्यंग असलेलं वासरू किंवा करडू आलं तर चारा कोणत्या शेतातला, गाभण असताना तिथं काय फवारलं होतं, एवढं लिहून ठेवा. प्रत्येक व्यंग औषधानेच होतं असं नाही, रक्तातलं पण असतं, पण नोंदच नसेल तर कळणार कसं?

एक केळी उत्पादक,
ता. रावेर, जि. जळगाव