अळूचं पान आणि ऑपरेटर काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात 'तांत्रिक साहाय्य' एवढ्या दोन शब्दांत मी तुम्हाला उरकलं. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे जाहीर पत्र.

पहिल्या दिवशी तुमच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बघायला मी अळूचं ताजं पान ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. "आत निर्वात असतं बाळा, हे पान तिथं वाफ सोडत बसेल," एवढंच म्हणालात. अल्कोहोलनं सुकवलं तर वरचं मेण जायची भीती. म्हणून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात ठेवायला सांगितलंत आणि वर दुसरा स्लॉटही मिळवून दिलात.

कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाला आणखी मोठं भिंग लावलं की काम का भागत नाही, हे मला तोवर कळलंच नव्हतं. "हाताला गोधडी गुंडाळून मोहरीचे दाणे मोजशील का?" तुम्ही विचारलंत. प्रकाशाची लहर ४०० ते ७०० नॅनोमीटरची. साधारण २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन ठिपके तिच्या लेखी एकच. इलेक्ट्रॉनची लहर हजारो पटींनी आखूड, पण काचेच्या भिंगातून तो पार होत नाही. म्हणून तांब्याच्या तारेची वेटोळी आणि त्यांचं चुंबकीय क्षेत्र, हीच इथली भिंगं.

मग तुम्ही मुद्दाम एक तुकडा सोन्याचा मुलामा न देताच आत ठेवलात. पडद्यावर पान पांढरं फटक पडलं, चित्र थरथरून सरकायला लागलं. इलेक्ट्रॉन पानावर साचले, त्यांना जायला वाट नव्हती. शेजारच्या तुकड्यावर जेमतेम काही नॅनोमीटर सोनं. तो मात्र शांत. झोत ओळीओळीनं फिरत होता, शेतात नांगर फिरावा तसा, आणि पृष्ठभागावरून उडालेले इलेक्ट्रॉन टिपून चित्र भरत होतं. ५०० पटीला नुसते उंचवटे. १०,००० पटीला त्याच उंचवट्यांवर मेणाचे बारीक पापुद्रे, दाटीवाटीनं उभे. पाण्याचा थेंब या टोकांवरच तरंगतो, खाली हवा राहते. 'अळवावरचं पाणी' आपण जन्मभर म्हणतो, त्याची जागा त्या दिवशी दिसली.

"रंग कुठंयत?" असं मी विचारल्यावर तुम्ही हसलात. रंग प्रकाशाचे, इथं प्रकाशच नाही, तर रंग कुठून येणार? मासिकांतले रंगीत फोटो मागाहून रंगवलेले असतात, हेही मला तेव्हाच समजलं.

रिपोर्टला उशीर होतोय म्हणून मी कुरकुरले, तेव्हा तुम्ही शास्त्रज्ञ एर्न्स्ट रुस्कांची गोष्ट काढलीत. १९३१ मध्ये बर्लिनला मॅक्स नोल यांच्यासोबत त्यांनी पहिलं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं यंत्र उभं केलं (ते आरपार बघणाऱ्या जातीचं), आणि नोबेल मिळालं १९८६ मध्ये. "तुझे तर पंधराच दिवस जातायत!"

फोटोची एक प्रत तुमच्यासाठी प्रयोगशाळेत ठेवलीय. दुसरी आईला दाखवली. तिनं चष्मा लावून निरखून पाहिलं आणि म्हणाली, "हा तर फ्लॉवर आहे."

तुमची,
अळूवाली