स्कॅनर शाबूत, ड्रायव्हर गायब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवा संगणक घेतला की चांगला चालता स्कॅनरही बाद करायचा, असा आता जणू नियमच होऊन बसला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार (म्हणजे अपडेट देणे) बंद केला. तेव्हापासून विंडोज ११ वर आलेल्या ओळखीच्या लोकांकडून मी एकच तक्रार ऐकते आहे: स्कॅनर जोडला, दिवा लागला, पण संगणक त्याला ओळखत नाही. जाणकार म्हणवणारे सांगतात, जुना झाला, नवा घ्या. काच, दिवा, मोटर सगळे ठणठणीत असलेले यंत्र असे भंगारात काढायला लावणे मला अजिबात मान्य नाही.

यात बिघाड असतो तो ड्रायव्हरचा, म्हणजे संगणकाला यंत्राशी बोलता यावे म्हणून लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते (बिट म्हणजे प्रोसेसर एका दमात किती माहिती हाताळतो त्याचे माप). ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे साधे प्रोग्राम चालतात, ड्रायव्हर मात्र चालत नाहीत, आणि विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीच्या काळातल्या बहुतेक स्कॅनरसोबत आलेल्या सीडीत ३२ बिटचाच ड्रायव्हर असतो. ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ (जुन्या विंडोजचा आव आणून प्रोग्राम चालवण्याची सोय) लावा, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने इन्स्टॉलर सुरू होईलही, पण आतला ड्रायव्हर ३२ बिटचा असेल तर गाडी पुढे सरकत नाही.

वेबकॅमचे त्या मानाने बरे आहे. २००३ मध्ये यूएसबी कॅमेऱ्यांसाठी ‘यूव्हीसी’ हे सामाईक मानक ठरले आणि एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर आयताच येतो. हे मानक पाळणारा कॅमेरा दिसत नसेल तर आधी प्रायव्हसी सेटिंगमधली कॅमेऱ्याची परवानगी पाहावी. पुष्कळदा घोडे तिथेच अडलेले असते. खरी पंचाईत होते ती मानकाआधीच्या कॅमेऱ्यांची.

जुन्या स्कॅनरच्या नशिबी हे सुख नाही. १९९२ पासूनचे ‘ट्वेन’ हे मानक आहे, पण प्रोग्रामने ड्रायव्हरशी कसे बोलायचे एवढेच ते ठरवते. ड्रायव्हरने यंत्राशी कोणत्या भाषेत बोलायचे, ते ज्या त्या कंपनीने स्वतःपाशी ठेवले. त्यामुळे कंपनीने हात वर केले की ग्राहकाला वाली उरत नाही. काही कंपन्या तर जुन्या मॉडेलचे डाउनलोड पानच काढून टाकतात, आणि मला सर्वांत जास्त राग याचा येतो. काही मेगाबाइटची तयार फाइल जागेवर राहू द्यायला असा किती खर्च येतो?

ते पान गेले की माणूस मॉडेलचे नाव टाकून शोधू लागतो आणि भलत्याच ठिकाणी पोहोचतो. पानभर हिरवी ‘डाउनलोड’ बटणे, त्यातली बरीचशी जाहिराती. एखादे दाबले की ‘ड्रायव्हर अपडेटर’ उतरतो, संगणक तपासल्याचे दाखवतो, डझनभर ड्रायव्हर कालबाह्य असल्याचे लाल अक्षरांत बजावतो आणि दुरुस्तीसाठी पैसे मागतो. स्कॅनर होता तिथेच राहतो. वडीलधारी माणसे याला हमखास बळी पडतात, म्हणून कळकळीने सांगते: असले काहीही उतरवू नका.

त्याऐवजी विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या यंत्रांची यादी) उघडावा. पिवळ्या त्रिकोणाच्या नोंदीवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडी’ निवडावा. तिथे ‘व्हीआयडी’पुढचे चार अंक-अक्षरांचे चिन्ह कंपनीचे असते (‘०४ए९’ म्हणजे कॅनन, ‘०४६डी’ म्हणजे लॉजिटेक) आणि ‘पीआयडी’पुढचे त्या मॉडेलचे. खोक्यावरच्या नावापेक्षा ही खूण पक्की. ती घेऊन आधी कंपनीच्या संकेतस्थळावर, मग मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये शोधावे. तिथेही नाही मिळाले तर स्कॅनरसाठी ‘व्ह्यूस्कॅन’ हा प्रोग्राम आहे. पूर्ण वापरासाठी पैसे पडतात, पण हजारो जुनी मॉडेल त्यावर चालतात. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरत असाल, तर तिच्यावर ‘सेन’ हा स्कॅनरचा ड्रायव्हरसंच फुकट आहे. एक मात्र करू नये: डिजिटल सही (तो खरा कुणाचा, याची खूण) नसलेला ड्रायव्हर बसावा म्हणून विंडोजची सुरक्षा बंद ठेवणे. एका स्कॅनरपायी एवढा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

‘सेन’मधले कित्येक ड्रायव्हर कंपन्यांनी दिलेले नाहीत. हौशी प्रोग्रामरांनी यूएसबीच्या तारेतून जाणारे संदेश टिपून, त्यांचा अर्थ लावून ते लिहिले. जुन्या वेबकॅमचा ‘जीएसपीसीए’ हा ड्रायव्हरसंच अशाच लोकांच्या खटपटीतून उभा राहिला आणि २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात गेला. पगार न घेता परक्यांनी जे केले, ते स्वतःच्या यंत्राची सगळी माहिती हाताशी असलेल्या कंपनीला जड का जावे?

तेव्हा आधार थांबवणाऱ्या कंपनीने शेवटचा ड्रायव्हर संकेतस्थळावर कायम ठेवावा आणि यंत्राशी बोलण्याची रीत खुली करावी, अशी माझी मागणी आहे. आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. नव्या उपकरणांची परीक्षणे छापताना रिझोल्यूशन आणि वेग यांच्या जोडीला ड्रायव्हर किती वर्षे मिळणार आणि तो नसताना यंत्र चालेल का, हे दोन प्रश्न कंपनीला विचारावेत आणि मिळालेले उत्तर छापावे. कंपनीने उत्तर दिले नाही, तर तेही छापावे.

आपली,
एक नियमित वाचक