पट्टा बदलला, तरी दुकाने राहतीलच

‘व्यापारी पट्टा पुन्हा निवासी करा, रहिवाशांची मागणी’ ही बातमी वाचली. पट्टा म्हणजे शहराच्या नकाशात ठरावीक वापरासाठी राखलेला भाग. दुकानांमुळे येणाऱ्या ट्रक-गाड्यांचा रहिवाशांना होणारा त्रास खरा आहे. मागितलेला उपाय मात्र त्यांना वाटतो तितका कामाचा नाही. नकाशावर जमिनीचा वापर बदलला, तरी आधीपासून रीतसर परवानगीने चाललेले व्यवसाय सहसा बंद होत नाहीत. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये शहरभर वापरानुसार विभाग पाडले, तेव्हाही जुने वापर चालू ठेवण्याची मुभा होतीच. म्हणजे हेलपाटे घालून ठराव मंजूर करून घेतला, तरी मालाचा ट्रक पहाटे रिव्हर्सचा भोंगा वाजवत खिडकीखाली येणारच.

जपानमध्ये सर्वांत कडक निवासी विभागातही राहत्या घराला जोडून छोटे दुकान चालते. अट अशी, की ते ५० चौरस मीटरपेक्षा मोठे नसावे आणि घराच्या निम्म्याहून कमी जागेत असावे. तिथे दुकान सरसकट निषिद्ध नाही, त्याचा आकार ठरलेला आहे. आपली तक्रारही खरे तर आकाराची आणि वेळेचीच असते. कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान सगळ्यांनाच हवे असते, नको असतात त्याच्यासमोर दुहेरी रांगेत लावलेल्या गाड्या. (तळमजला चढ्या भाड्याने देणाऱ्यांत काही रहिवासीही असतात, हे सोयीस्करपणे विसरले जाते.)

तेव्हा रहिवाशांनी दुकानाच्या क्षेत्रफळाची मर्यादा, माल उतरवण्याची वेळ आणि नव्या परवान्याआधी पार्किंगची प्रत्यक्ष तपासणी यांचा आग्रह धरावा. यातली वेळेची अट आज चालू असलेल्या दुकानांनाही लावता येते.

– एक वाचक