चित्र १९७७चं, पण आवाज कुठला?

नाशिक

प्रिय मीनू,

दिवाळीनंतर तुला धड एक ओळ लिहिली नाही. नुसते अंगठे पाठवत राहिले. रागावली असशील तर खुशाल भांड, तुझा हक्कच आहे. तब्येत बरी. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा आहे तसाच आहे. झालं, तब्येतीचं संपलं.

आता मुद्द्याचं. तू पाठवलेली बातमी वाचली आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. १९७७चा ‘स्टार वॉर्स’ मूळ रूपात, म्हणजे नंतरच्या फेरफारांशिवाय, २०२७ साली थिएटरात पुन्हा लागणार! हे तुझ्याखेरीज कुणाशी बोलू? नान्या तर म्हणेल, अजून तुम्ही दोघी त्याच सिनेमावर? पण मीनू, लोक जे विचारतायत ते सगळं चित्राबद्दल. हान सोलो आधी गोळी झाडणार का, नंतर घुसवलेला तो संगणकाचा गुंड जबा जाणार का, रंग कसे असणार. आवाजाचं कुणी विचारतच नाही. मूळ आवृत्ती म्हणजे कुठला आवाज?

कारण १९७७ सालीच त्या सिनेमाचे आवाज तीन होते. ७० मिलिमीटरच्या प्रिंटवर चुंबकीय पट्टीचे सहा ट्रॅक, त्यातले दोन खास खर्जासाठी. ३५ मिलिमीटरवर डॉल्बी स्टिरिओ, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये गुंडाळलेले चार: डावा, मधला, उजवा आणि मागचा. आणि साध्या थिएटरांसाठी शेवटी केलेला मोनो. संगीत तिन्हींत तेच, डेनहॅमच्या अ‍ॅन्व्हिल स्टुडिओत लंडन सिम्फनीने मार्च १९७७ मध्ये वाजवलेलं. पण मोनोत नायक ल्यूकच्या बेरूकाकूचा आवाज वेगळ्याच बाईचा आहे, आणि ट्रॅक्टर बीम (यान खेचून धरणारा किरण) सात ठिकाणी जोडलाय हे थ्रीपीओ या रोबोचं वाक्य मोनोत आहे, स्टिरिओत नाही. मग यातला एक निवडणार कोण, आणि कशावरून?

चित्र जपायचं आणि आवाज वाऱ्यावर सोडायचा, हे याआधी झालेलं आहे, म्हणून मी एवढी बोलतेय. २००६ची ती डीव्हीडी आठव. मूळ आवृत्ती म्हणून दिली, आणि सुरुवातीच्या सरकत्या मजकुरातून ‘एपिसोड चार’ ही १९८१ साली घातलेली ओळ काढायचीही काळजी घेतली. पण आवाज? १९९३ च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची ती मोठी तबकडी) केलेला मिक्स, म्हणजे संवाद, संगीत आणि इतर आवाजांची जुळणी, तोही १९२ केबीपीएसला दाबलेला. थिएटरात १९७७ साली बसलेल्या माणसाने तो ऐकलेलाच नव्हता.

आणि २००४ ची डीव्हीडी तर विचारू नकोस. शत्रूच्या डेथ स्टार या तळावर हल्ला करायला लढाऊ विमानं खाली झेप घेतात, तिथे पितळी वाद्यांवर फोर्सची धून उसळून येते ना? त्या मिक्समध्ये ती इंजिनांच्या घरघरीत बुडालीय. संगीतकार जॉन विल्यम्सने ती झेप संगीतावर तोललेली आहे; धून दबली की उरतात नुसती मॉडेलं आणि आवाज. वर मागच्या स्पीकरांत संगीताचं डावं-उजवं उलटलेलं. तुझ्याकडे ती डिस्क आहेच, करून बघ: पुढचे स्पीकर बंद कर, फक्त मागचे चालू ठेव आणि सुरुवातीची धून लाव. पुढे डावीकडे वाजणारी व्हायोलिनं मागे उजवीकडून येतील. फक्त जुनी आणि नवी डिस्क ताडून ऐकण्याआधी दोन्हींची पातळी एखाद्या संवादावर जुळवून घे. नवे मिक्स मोठे वाजतात, आणि मोठं वाजतं ते कानाला आधी चांगलंच वाटतं. निम्मी भांडणं त्यामुळेच फुकट जातात.

खरी धास्ती मात्र मला पुढची आहे. पहिला मूळ रूपात आला, तर १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’चा नंबर कधीतरी लागेल. आणि तिथे संगीताला हात लागलाय तसा बाकी दोन्हींत लागलेला नाही. जबाच्या महालातलं गाणं घे. ‘लाप्ती नेक’ला चाल विल्यम्सची, शब्द त्याच्या मुलाचे, जोसेफचे, आणि ते जबाच्या हटीज भाषेत घालून गायलं अ‍ॅनी आर्बोगास्टने. ठेका थेट त्या काळच्या डान्स फ्लोअरवरचा. पण ते महालाच्या कोपऱ्यात वाजत राहतं, समोर काय चाललंय याची बॅण्डला पर्वा नाही, आणि म्हणूनच जबा नर्तकी ऊलाची साखळी ओढतो तेव्हा पोटात गोळा येतो. १९९७ मध्ये त्याजागी जेरी हे या संगीतकाराचं ‘जेडाय रॉक्स’ आलं. नवे गवई, कॅमेऱ्यात घुसणारी तोंडं, सगळे थांबून गाणं बघतात. त्याचं काम तालात पक्कं आहे, त्यात खोट नाही. पण दोन मिनिटांपूर्वीची दहशत त्यात विरघळून जाते. यावर आपलं कधी भांडण नव्हतं.

भांडण शेवटच्या गाण्यावर, आणि ते मी अजून सोडलेलं नाही! तुझं म्हणणं मला पाठ आहे: सम्राट मेला, आख्खी आकाशगंगा सुटली, मग जल्लोष एका जंगलापुरता का? म्हणून १९९७ ची ‘व्हिक्टरी सेलिब्रेशन’च बरी. अगं, ती रचना म्हणून सुंदरच आहे. बासरीसारखी हलकी सुरुवात, मग तालवाद्यं, मग कोरस, आणि त्यावर बेस्पिन, मॉस आयझली, कॉरसँट अशी दूरदूरची ठिकाणं दाखवत नेणारी चित्रं. विल्यम्सने ती त्या चित्रांसाठीच लिहिली आणि तिथे ती चपखल बसते. पण १९८३ च्या मूळ ‘यब नब’मध्ये गाणारे कोण आहेत ते बघ: जंगलातले इवॉक. ज्यांनी दगडधोंड्यांनी लढाई जिंकली त्यांची भाषा, त्यांचे ढोल, शिपायांच्या शिरस्त्राणांवर काठ्या मारत धरलेला ताल. पडद्यावरचा हात आणि कानातला ठोका एकाच वेळी पडतो. आधी थोडे आवाज, मग सगळे, मग मोठा कोरस, आणि त्याच्या शेवटच्या सुरावर वाद्यवृंद श्रेयनामावलीत उडी घेतो. ती उडीच त्या तीन सिनेमांचा शेवट आहे. नव्या रचनेत शेवट मोठा झाला, पण ल्यूक आणि मंडळी त्यात पाहुणी वाटतात. तू यावर काय लिहिणार तेही मला माहीत आहे. लिही.

आणि २०११ च्या ब्लू-रेमध्ये खलनायक व्हेडरच्या तोंडी घातलेलं ते ‘नो’! मुखवट्यामागचा माणूस निर्णय घेतोय हे सांगायला तिथे फक्त वाद्यवृंद होता आणि तो पुरेसा होता. त्याच्यावर बोलून ठेवलं. हाही संगीतातला बदलच धर. एक सूर न बदलता केलेला.

बरं, तू विचारलंस त्याचं. शिरीषदादांच्या लेझरडिस्कवरून ‘जेडाय’चा जुना आवाज घेऊन तुझ्या ब्लू-रेच्या चित्रावर कसा बसवायचा. प्लेअरच्या डिजिटल ऑप्टिकल आउटपुटमधूनच घे, लाल-पांढऱ्या वायरीतून नको. डिस्कवर आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ आहे. तसाच उतरव, आणि ४८ वर सगळ्यात शेवटी ने. एमपीथ्री मध्ये कुठेही करू नकोस. मागचा आवाज दोन ट्रॅकच्या फेजमधल्या (आवाजाच्या लहरी किती पुढे-मागे आहेत त्या) फरकात लपवलेला असतो. दाबल्यावर तो फरक बिघडतो, मग संवाद मागच्या स्पीकरांत झिरपतात.

आवाज जुळत नसेल तर आधी ठरव: चूक सगळीकडे सारखी आहे की वाढत जातेय? सारखी असेल तर सरकव, झालं. वाढत असेल तर सेकंदाला २४ आणि २३.९७६ फ्रेमची गल्लत आहे. ०.१ टक्क्याचा फरक, पण सव्वादोन तासांत तो आठ सेकंदांवर जातो. मध्येच टप्प्याटप्प्याने उडत असेल तर रिळांचे सांधे बघ. एक रीळ जास्तीत जास्त २२ मिनिटांचं, आणि सांध्यावर दोन फ्रेम गेल्या की ८३ मिलिसेकंद गेले. या डिस्कची बाजूही अर्ध्या तासात बदलते, तिथेही खाच सापडेल. तिथे आवाज ताणू नकोस. शांततेत काप, शांतता नसेल तर ढोलाच्या ठोक्यावर काप आणि १०-२० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दे, म्हणजे एक तुकडा उतरवत दुसरा चढव. लांब धरलेल्या सुरात कापलंस तर कान पकडतोच.

आपल्याकडच्या ‘पाल’ (PAL) टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीचा आवाज मात्र मुळीच धरू नकोस. त्यात चित्र सेकंदाला २५ फ्रेमने पळवलेलं असतं, सुमारे ४ टक्के जलद, आणि स्वर दुरुस्त केलेला नसेल तर सगळं संगीत जवळजवळ पाऊण सेमीटोन चढतं. तुझी पेटी काढ. सुरुवातीच्या धुनेचा सा काळी पाचला लागला पाहिजे. काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये कुठेतरी, सातकडे झुकलेला लागला तर ती पाल आहे. आपण कॉलेजात ऐकलं ते सगळं असंच चढलेलं होतं, मीनू! काळे सर म्हणायचे ना, पट्टी विचित्र आहे याची.

एक अडचण मात्र सुटणार नाही. महालातलं गाणं ब्लू-रेवर लांबीलाही वेगळं आहे. नवे शॉट आहेत, ऊलाचे काही तर ती भूमिका केलेल्या फेमी टेलरला पुन्हा बोलावून घेतलेले. जुना आवाज त्यावर बसूच शकत नाही. तेवढं चित्र २००६ च्या डिस्कवरून घ्यावं लागेल, आणि तिथे ४८० ओळींपैकी चित्राला जेमतेम २७० मिळतात, बाकी काळ्या पट्ट्या. मऊ दिसेल. शेवटच्या जल्लोषालाही तेच. दिसू दे मऊ, पण ठोका हातावर पडू दे.

तुझ्या सुनेचं बाळंतपण कुठे करताय, तिकडे की माहेरी? नव्या घराचा ताबा मिळाला का? वसंतरावांना साष्टांग सांग, आणि अनूला म्हणावं, मावशीला फोन करायला पैसे पडत नाहीत.

उतरवलेल्या आवाजाची फाइल फ्लॅकमध्ये पाठव, त्यात आवाजातलं काही गळत नाही. सगळी नको, महालात शिरल्यापासून रँकॉर या राक्षसापर्यंतची पहिली पाठव. खाच कुठे आहे ते मी ऐकून मिनिट-सेकंदासकट कळवते.

तुझी,
रेखा