‘संपूर्ण घर कव्हर’ म्हणून विकलेला स्मार्ट होम किट गच्चीपर्यंत पोचत नाही, पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि डोकं तापलेलं असतानाच लिहायला बसलोय, कारण शांत झालो की माणूस सोडून देतो आणि तुम्हाला तेच हवं असतं. हब (बाकी सगळ्या उपकरणांशी रेडिओने बोलणारा मुख्य डबा), बिना न्यूट्रलचे, म्हणजे परतीच्या वायरीशिवाय चालणारे स्विच मॉड्यूल, टाकीत पाणी किती ते सांगणारा लेव्हल सेन्सर आणि मोटर चालू-बंद करणारा कंट्रोलर असा तुमचा पूर्ण किट घेतला, बसवायला माणूसही तुमचाच आला. गच्चीवरच्या टाकीचा सेन्सर हबला धड सापडत नाही, सापडला तर टिकत नाही, आणि ॲपमध्ये टाकीच्या चित्रावर ‘ऑफलाइन’ची राखाडी पट्टी असते. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘संपूर्ण घर कव्हर, १०० मीटर रेंज’ छापलंय. माझं घर मिरजेत, तळमजला, वरचा मजला आणि गच्ची, विटांच्या भिंती, आरसीसीचे दोन स्लॅब. महाराष्ट्रात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. ते १०० मीटर मोकळ्या मैदानातले, मध्ये काही आड नसताना, हे बॉक्सच्या खालच्या कडेला भिंग घेऊन वाचावं लागतं. मैदानात टाकी कोण बसवतं?

यातला सगळ्यात गंभीर भाग आधी सांगतो, कारण तुमच्या प्रत्येक माणसाने तो कानाआड केला. टाकी भरली की सेन्सरने हबला सांगायचं, हबने खालच्या बोअरच्या मोटरला बंद करायचं, बरोबर? पण सेन्सरचा निरोप पोचलाच नाही तर तुमचा कंट्रोलर काय करतो? काहीच करत नाही. शेवटचा निरोप ‘टाकी रिकामी’ असा होता म्हणून मोटर चालूच ठेवतो. पाणी ओव्हरफ्लो होऊन शेजाऱ्यांच्या भिंतीवरून खाली उतरलं, त्यांच्या नव्या रंगावर ओघळ पडले, आणि त्यांच्या दारात जाऊन माफी मागायची वेळ माझ्या बायकोवर आली. बोअरचं पाणी उपसून गटारात घालवलं ते वेगळंच. आणि उद्या बोअर आटली आणि मोटर कोरडी चालली तर जळालेल्या वाइंडिंगचं बिल कुणाला पाठवायचं? ठराविक वेळात सेन्सरकडून काही आलं नाही तर मोटर आपोआप बंद व्हायला हवी, हे शाळेतल्या पोरालाही सुचेल. रेंज गेली की मोटर बंद, एवढी एक अट तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. गुडघे दुखतात म्हणून बायकोने गच्चीवर चढून टाकी बघायला लागू नये यासाठी हे घेतलं होतं, आता ती जिन्यात उभी राहून पाण्याचा आवाज ऐकते.

आता आजच्या फोनबद्दल. हा तुम्ही नीट वाचा, रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, ‘गुणवत्तेसाठी संभाषण रेकॉर्ड होत आहे’ असं तुम्हीच सांगता, तर काढून ऐका.

मी सांगितलं की सेन्सर झिगबीवर, म्हणजे छोट्या उपकरणांसाठीच्या, वाय-फायहून वेगळ्या, कमी वेगाच्या रेडिओवर चालतो आणि वरच्या मजल्यावर त्याचा सिग्नल पुढे पाठवणारं एकही उपकरण तुमच्या किटमध्ये नाही. पलीकडचा मुलगा म्हणाला, “काका, तुमचं वाय-फाय किती एमबीपीएसचं आहे?” म्हटलं एमबीपीएसचा इथे काय संबंध, झिगबीचा वेगच मुळात २५० केबीपीएस, म्हणजे पाव एमबीपीएस, आणि टाकी भरली की नाही एवढंच सांगायचंय. “नाही काका, प्लॅन अपग्रेड करून बघा ना एकदा.” परत पहिल्यापासून समजावलं. त्याने होल्डवर टाकलं, तुमची जाहिरातीची धून वाजत राहिली, ती संपून परत सुरू झाली, मग परत आला आणि म्हणाला, “सीनियरशी बोललो, तुम्हाला आमचा रेंज एक्स्टेंडर घ्यावा लागेल, लिंक पाठवलीय, आज ऑफर पण आहे.” लिंक उघडली तर तो वाय-फायचा एक्स्टेंडर! म्हटलं अरे बाबा, हा वाय-फायचा आहे. “हो काका, वाय-फाय वाढलं की सगळंच वाढतं.” म्हटलं सेन्सर वाय-फाय वापरतच नाही. मग जरा थांबला आणि म्हणाला, “काका, घरात कुणी यंग आहे का? त्यांच्याकडे फोन द्या ना, त्यांना पटकन कळेल.”

मी टेलिफोन खात्यात नोकरी केली, मायक्रोवेव्हच्या टॉवरवर चढून डिश जुळवल्यात, वाऱ्याने डिश जराशी सरकली की पुढच्या स्टेशनवर सिग्नल कसा पडतो ते मीटरवर बघितलंय. ज्याला झिगबी आणि वाय-फाय यातला फरक माहीत नाही तो मला म्हणतो घरातल्या यंग माणसाला फोन द्या. मी त्याला हेच सांगितलं, आवाज चढला असेल माझा, तर म्हणतो कसा, “काका चिडू नका, भिंती जाड आहेत तुमच्या, त्याला कंपनी काय करणार?” आणि हे बोलणं चालू असतानाच माझ्या मोबाइलवर तुमचा मेसेज आला की तुमची तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया रेटिंग द्या. कुणाचं समाधान झालं? फोन अजून कानाला होता माझ्या.

त्या मुलावर माझा राग नाही, त्याला तुम्ही जे शिकवलंय तेच तो बोलणार. पण चुकीची वस्तू विकायला त्याला तुम्हीच बसवलंय.

बसवायला आलेल्या माणसाने हब कुठे लावला ते ऐका. टीव्हीमागे, वाय-फाय राउटरच्या डोक्यावर, दुहेरी टेप लावून चिकटवला. का, तर बॉक्समधली लॅनची केबल वीतभर लांबीची आहे आणि दुसरीकडे पोचत नाही. दोन्ही २.४ गीगाहर्ट्झवर, म्हणजे एकाच रेडिओ पट्ट्यात बोलणार आणि एकमेकांच्या उरावर बसवणार, म्हणजे बँडवाल्याच्या शेजारी उभं राहून कानात कुजबुजायला सांगण्यातला प्रकार झाला. वर तुमच्या हबचा चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातली बोलायची जागा, ११ नंबरवर कायमचा बांधलेला. झिगबीला ११ ते २६ असे सोळा चॅनल आहेत, वाय-फाय १ नंबरवर असलं की त्याखाली झिगबीचे ११ ते १४ चारही झाकले जातात, तेव्हा १५, २० नाहीतर २५ वर जायला वाट असते, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या ॲपमध्ये चॅनल बदलायची सोयच नाही. मी माझा राउटर १ वरून काढून वाय-फायच्या ११ वर नेला, तो वेगळा ११, दोघांचे आकडे सारखे असले तरी जागा वेगळ्या. पण शेजारच्यांचा राउटर १ वर आहे त्याचं मी काय करू? त्यांची भिंत आधीच आमच्या पाण्याने भिजलीय, आता वाय-फायही बदला म्हणून सांगायला जाऊ?

मग बाजारातून लांब लॅन केबल आणली, टीव्हीचं शोकेस सोडून हब जिन्याच्या वळणावर, माणसाच्या उंचीला, भिंतीपासून जरा सुटा लावला. वरच्या मजल्यावरच्या दाराचा सेन्सर, जो एरवी लपंडाव खेळायचा, तो त्या दिवसापासून एकदाही तुटलेला नाही. हे मी कस्टमर केअरला कळवलं, वाटलं दुसऱ्या ग्राहकांच्या उपयोगी पडेल. उत्तर काय आलं? अधिकृत टेक्निशियनशिवाय हब हलवला म्हणून वॉरंटी अमान्य होऊ शकते.

आता मूळ दुखणं. झिगबीची जाळी कशी चालते तर मेनवर चालणारी उपकरणं सिग्नल घेऊन पुढे देतात, बॅटरीवरची देत नाहीत, ती फक्त स्वतःचं बोलतात. तुम्ही जाहिरातीत जाळीचं चित्र काढलंय, घरभर ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. पण तुमचे स्विच बिना न्यूट्रलचे. दिव्यातून चोरून जो किंचित करंट मिळतो त्यावर ते जगतात, रेडिओ सतत ऐकत ठेवायला तो पुरत नाही, म्हणून ते सिग्नल पुढे देतच नाहीत. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, तुमच्याच मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय. म्हणजे घरातल्या प्रत्येक खोलीत तुमचा स्विच आहे आणि त्यातला एकही जाळीत नाही! आणि गंमत अशी की आपल्याकडे स्विचबोर्डातच सॉकेट असतो, न्यूट्रलची वायर तिथे आलेलीच असते. माझ्या घरी प्रत्येक बोर्डात आहे, तुमच्या माणसाने बोर्ड उघडल्यावर ती बघितलीय. न्यूट्रलवाले मॉड्यूल दिले असते तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. वर हे मॉड्यूल भिंतीतल्या जीआयच्या बॉक्समध्ये कोंबायचे, चहूबाजूंनी पत्रा, पुढे तेवढी प्लास्टिकची प्लेट, आणि ॲन्टेना आत मागच्या बाजूला. रेडिओचं काम केलेल्या एकाही माणसाला हे डिझाइन दाखवलं नव्हतं का?

माझ्या बोलण्यावर विश्वास नसेल तर ऐका. पुतण्याकडे तुमच्याच कंपनीचा स्मार्ट प्लग आहे, तो मागवून वरच्या मजल्यावर जिन्याजवळच्या सॉकेटला लावला. टाकीचा सेन्सर परत जोडून घेतला, आणि तो लागला. टिकला. टाकी भरली, मोटर बंद झाली, बायको वर न चढता खाली बसून होती. स्लॅबवर आडवा सिग्नल मारण्यापेक्षा जिन्याच्या मोकळ्या जागेतून वर नेला की काम होतं, एका प्लगचा प्रश्न होता. तो प्लग पुतण्याला परत दिला, त्याच्या घरी त्याला लागतो. मी विकत घ्यायला गेलो तर तुमच्या साइटवर ‘आउट ऑफ स्टॉक’. अजूनही तेच. बाहेरचा दुसऱ्या कंपनीचा घ्यावा तर तुमचा हब तो जोडूनच घेत नाही. प्लग तुम्ही देणार नाही, दुसऱ्याचा चालू देणार नाही, चॅनल बदलू देणार नाही, आणि भिंती माझ्या जाड!

आणि हो, सिग्नल किती येतोय हे ॲपमध्ये कुठेच दिसत नाही. ऑनलाइन किंवा ऑफलाइन, बस. चिपला तो आकडा माहीत असतो, दाखवायला तुमचं काय जातं? तो आकडा दिसला असता तर माणूस सेन्सर टाकीच्या झाकणाखाली ठेवायचा की बाहेरच्या बाजूला, हे स्वतः बघून ठरवू शकला असता. तुमच्या माणसाने तो टाकीच्या आत, पाण्याच्या डोक्यावर, वाफ धरते तिथे टांगला. २.४ गीगाहर्ट्झला पाणी चालत नाही. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना मोकळा आहे, कमी फ्रिक्वेन्सी भिंतीतून जास्त चांगली आरपार जाते, टाकी आणि मोटरसारख्या लांबच्या जोडीला तो वापरता आला असता. ते जाऊ दे, ती पुढची गोष्ट, निदान विकलंय ते तरी चालवा.

मला काय हवंय ते स्पष्ट सांगतो. एक तर सगळे स्विच न्यूट्रलवाले, सिग्नल पुढे देणारे, बदलून द्या आणि वरच्या मजल्यासाठी एक प्लग द्या, फुकट, कारण ‘संपूर्ण घर कव्हर’चे पैसे मी आधीच भरलेत. हबचा चॅनल बदलायची सोय द्या. सेन्सर गप्प झाला की मोटर बंद होईल असं सॉफ्टवेअर सगळ्या ग्राहकांना पाठवा, हे फक्त माझ्यासाठी मागत नाही. हे जमणार नसेल तर पूर्ण किटचे आणि फिटिंगचे पैसे परत करा. शेजाऱ्यांच्या भिंतीच्या रंगाचा खर्चही मी मागणार आहे, तो आकडा पेंटरकडून लिहून घेतोय.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करणार आणि तिथूनही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मला तुमच्या हेड ऑफिसच्या गावी यायची गरज नाही, मी राहतो त्या जिल्ह्यात दावा लागतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही. भ्रामक जाहिरात म्हणून तुमचा बॉक्सच पुरावा म्हणून ठेवीन, दोन्ही बाजूंचे फोटो काढलेत, वरची मोठी अक्षरं आणि खालची बारीक अक्षरंही. मला वेळ भरपूर आहे, रिटायर झालोय.

वाईट याचं वाटतं की देशी कंपनी म्हणून मुद्दाम तुमचा माल घेतला होता, गल्लीत दोघा-तिघांना घ्या म्हणून सांगितलंही होतं. त्यांना काल थांबा म्हणून सांगितलं.

यापुढे मला फोन करू नका, ईमेलवर लिहा. टाकीचा सेन्सर आणि मोटरचा कंट्रोलर काढून मूळ बॉक्समध्ये बिलासकट भरून ठेवलाय, मोटर परत जुन्या स्टार्टरवर घेतलीय. न्यायला माणूस पाठवणार असाल तर त्याच्याबरोबर सही-शिक्क्याची पोचपावती पाठवा, त्याशिवाय बॉक्स हातात देणार नाही.

तुमचा ग्राहक,
मिरज
(सोबत: बिलाची प्रत, बॉक्सचे फोटो, ओव्हरफ्लोचा व्हिडिओ, ‘तक्रार सोडवण्यात आली’ या मेसेजचा स्क्रीनशॉट)