पट्टी सुटते, त्याचं काय?

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला, श्वास मोजणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या बनियनवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा हौसेनं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सव्वीस वर्षं मी याच काचेच्या तारांचे जॉइंट मारले, त्यामुळे 'केसाहून कितीतरी पट बारीक' वाचूनच ठसका लागला. उघडी काच १२५ मायक्रॉन, वरचं आवरण धरून साधारण २५०. माणसाचा केस शंभरच्या आतबाहेर. म्हणजे तारच जाड. असो.

खरा राग आला तो 'अंगाला चिकटवण्याची कटकट संपली' या वाक्याचा. गेल्या वर्षी माझ्या पत्नीला चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके सतत नोंदणारं यंत्र, लावला होता. छातीवर पट्ट्या, कमरेला डबी. रात्री अडीचला घामानं एक पट्टी सुटली. टॉर्चच्या उजेडात आम्ही दोघांनी ती दाबून बसवली, वरून बँडेजची चिकटपट्टी मारली. रिपोर्ट आला : रेकॉर्डिंगचा बराच भाग वाचण्याजोगा नाही, रुग्णाची हालचाल. हालचाल! जिवंत माणूस चोवीस तास दुसरं काय करणार? काउंटरवरची मुलगी वर विचारते, "काकू, तुम्ही फार फिरलात का?" तपासणी पुन्हा, पैसे पुन्हा, आणि पट्ट्यांच्या जागी उठलेले चट्टे पंधरा दिवस.

तेव्हा तारेतून वीज जावो नाहीतर उजेड, ती अंगाला धरून राहते कशानं, एवढं तरी लेखकानं सांगायचं होतं. ब्रॅग ग्रेटिंग म्हणजे तारेच्या आत उमटवलेल्या बारीक रेघा, ठरावीक तरंगलांबीचाच उजेड मागे परतवणाऱ्या. त्यांचा सगळा खेळ ताणावर. श्वासानं छाती फुगली की तार ताणते आणि परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सरकते. किती? १५५० नॅनोमीटरच्या आसपास, एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीच्या दहा लाखाव्या भागाइतक्या ताणाला) जेमतेम १.२ पिकोमीटर, म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग. पट्टा जरा सैल झाला की मोजा आता श्वास! शिवाय तापमान एक अंश सेल्सिअस वाढलं तरी तीच तरंगलांबी साधारण १० पिकोमीटर सरकते. तरंगलांबी सरकली ती छाती फुगल्यानं का अंग तापल्यानं, हे एकट्या ग्रेटिंगला कळत नाही. शेजारी ताण न बसणारं दुसरं ग्रेटिंग ठेवावं लागतं. 'एकच धागा सगळं सांगतो' लिहिताना हे सोयीस्कर गिळलं गेलं.

बनियन धुता येतं म्हणे. काचेची तार बोटाभोवती घट्ट वळवली की उजेड बाहेर सांडतो. कुठली तार चालू आहे हे बघायला आम्ही मुद्दाम तेच करायचो. पिळल्यावर काय होईल ते तुम्हीच ठरवा. प्लास्टिकची तार जास्त लवते, कबूल. मग तसं लिहा. आणि प्रकाश सोडणारी, परतलेला मोजणारी ती इंटरॉगेटरची पेटी कुठे गेली? बनियन अंगात आणि पेटी काखोटीला? फोटोत शोधली, तर फोटोच शोभेच्या दिव्याचा निघाला.

एमआरआयच्या खोलीत मात्र या तारेला तोड नाही, हे मीही म्हणेन. तिथे धातूची वायर तापून कातडी भाजू शकते. काचेला त्या चुंबकाचं सोयरसुतक नाही. लेखात यावर अर्धी ओळ आहे, 'स्मार्ट जीवनशैली'वर दोन परिच्छेद.

जाता जाता, काचेच्या तारेतून उजेड दूरवर नेण्याच्या कामासाठी चार्ल्स काव यांना मिळालेलं २००९चं नोबेल चौकटीत छापलंत, उत्तम. पण वाकड्या काचेच्या धाग्यांच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवणारा हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांचा निबंध १९५४ साली 'नेचर'मध्ये आला होता. कपानींचं नाव एका ओळीतही बसलं नाही?

माझ्या मागच्या पत्राचं दुसरं पान आपण कापलंत, म्हणून हे बारीक अक्षरात एकाच पानावर बसवलं आहे.

आपला,
एक निवृत्त केबल जॉइंटर