9 टर्नच्या आधी कॉम बघ

प्रिय विनू,

पत्र मिळालं. तुझी रिमोटवरची शर्यतीची गाडी सरळ रेषेत मागे पडते म्हणून तिच्या विजेच्या मोटारीत 9 टर्नचं, म्हणजे तारेच्या 9 वेढ्यांचं, आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) टाकायचं तुझ्या मनात आहे. जरा दमानं घे. आधी आहे त्या 13 टर्नचा कॉम बघ, म्हणजे कम्युटेटर: आर्मेचरच्या टोकाचं तांब्याच्या तुकड्यांचं नळकांडं, ज्यावर ब्रश घासून करंट देतात.

वेढे कमी केले की तेवढ्याच व्होल्टला फेरे वाढतात, हे खरं. पण दर अँपिअरमागचा टॉर्कही (फिरवायचा जोर) त्याच प्रमाणात घटतो. मग तेवढाच जोर काढायला मोटार जास्त करंट ओढते आणि तो सगळा दोन ब्रशांतून जातो. मेख तिथेच आहे. (जाड एकेरी तार की बारीक दुहेरी-तिहेरी, यावर लोक तासन्‌तास गुऱ्हाळ घालतात. बारीक तारा खाचेत नीट बसतात, यापलीकडे मला त्यात फारसं काही दिसत नाही.)

आर्मेचरचे वेढे घातलेले तीन पोल, कॉमचे तीन तुकडे, दोन ब्रश, म्हणजे एका फेऱ्यात सहा वेळा करंटची अदलाबदल. मिनिटाला 30,000 फेरे धरले तर सेकंदाला 3,000 वेळा! दरवेळी वेढ्यातला करंट उलटायला हवा आणि इंडक्टन्स त्याला अडवतो. ब्रश सुटेपर्यंत तो उलटला नाही की ठिणगी पडलीच. म्हणून अदलाबदल थोडी आधी व्हावी यासाठी टायमिंग वाढवायचं, म्हणजे आर्मेचर फिरतं त्याच्या उलट दिशेला एंडबेल (ब्रश बसवलेलं मोटारीचं झाकण) थोडी सरकवायची. वरचा वेग वाढतो, पण मोटार जास्त तापते आणि उठावाचा जोर कमी होतो. अमेरिकेत रोअर या रिमोट-गाड्यांच्या शर्यत संघटनेच्या स्टॉक (ठरीव मोटारींच्या) वर्गात 27 टर्न आणि 24 अंशांवर पक्कं केलेलं टायमिंग असायचं. मला तो नियम आवडायचा, कारण मग खरी करामत ब्रश, स्प्रिंग आणि कॉमवरच करावी लागे.

तर एंडबेल उघड. कॉमवर एकसारखा तपकिरी थर असेल तर हात लावू नकोस. तुकड्यांच्या कडा काळ्या पडल्या असतील तर ब्रश उड्या मारतोय: कॉमचा गोलपणा गेलाय किंवा स्प्रिंग गरमीनं ढिली झालीय. लेथवर हिऱ्याच्या टोकानं अगदी निसटता काप घे. तुकड्यांमधल्या फटीत तांब्याचा कीस राहतो, तो पात्यानं काढ, नाहीतर दोन तुकडे शॉर्ट होतात. नवे ब्रश लावून मोटार दोन-तीन व्होल्टवर बिनलोड फिरव आणि ते आधी कॉमच्या गोलाईला घासून नीट बसू दे. कडक स्प्रिंगनं ठिणगी कमी होते, पण घर्षण वाढतं, तेव्हा एकेक पायरीच चढ.

एवढं करूनही 9 टर्नच हवं असेल तर पिनियन (मोटारीच्या दांड्यावरचं दातेरी चाक) लहान लावावा लागेल. सध्याच्या पिनियनचे दाते कळव आणि कॉमचा जवळून घेतलेला फोटो पाठव.

तुझा,
बाळ्या